नव्या डेव्हलपिंग साहित्यातील दोष: पहिला रोल धुण्यापूर्वीची तपासणी आणि त्यानंतरची तक्रार

घरी कृष्णधवल रोल धुण्यासाठी लागणारे साहित्य फारसे नसते. प्रकाश आत न येऊ देणारा डेव्हलपिंग टँक, त्यात बसणारे रील (फिल्म वेढ्यावेढ्याने धरून ठेवणारी सर्पिल खाचांची चकती), अंधारात रोल चढवण्यासाठी चेंजिंग बॅग, थर्मामीटर, दोन-तीन मोजपात्रे आणि डेव्हलपर (चित्र प्रकट करणारे), स्टॉप बाथ (ती क्रिया थांबवणारे) व फिक्सर (चित्र पक्के करणारे) ही तीन रसायने एवढ्यावर काम सुरू करता येते. अडचण पुढे येते. नवशिक्या माणसाचा पहिला रोल बिघडतो तेव्हा दोष साहित्याचा, रसायनाचा की स्वतःच्या हाताचा, हे त्याला सांगता येत नाही, आणि विक्रेत्याला तर ते मुळीच मान्य नसते. त्यात बहुतेक विक्रेत्यांची वस्तू परत घेण्याची मुदत काही दिवसांचीच असते, तर कॅमेऱ्यातला 36 फोटोंचा रोल संपायला कित्येकदा महिना लागतो. म्हणजे दोष उघडकीस येईपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. म्हणून माझा आग्रह असा आहे की, साहित्य हातात पडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच ते साधे पाणी आणि वाया गेलेली फिल्म वापरून तपासावे, आणि ही तपासणी अशा रीतीने करावी की दोष निघालाच तर तिचाच पुरावा व्हावा. ज्या रोलवर घरचे लग्न किंवा बाळाचे पहिले फोटो आहेत तो रोल नव्या टँकमध्ये सर्वांत आधी कधीही घालू नये.

ही दक्षता आपल्याकडे नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी 1912 साली इंग्लंडहून चित्रीकरणाची यंत्रसामग्री मागवली, तेव्हा दादरच्या राहत्या घरीच ती जोडून त्यांनी घरच्या मंडळींना फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम शिकवले, आणि प्रत्यक्ष चित्रपटाला हात घालण्याआधी शेजारच्या मुलामुलींचे छोटे चित्रण करून कॅमेरा आणि प्रक्षेपक नीट चालतात याची खात्री करून घेतली. पुढे फिल्म धुण्याचा मोठा भार त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी उचलला. आपले काम त्या मानाने फार लहान आहे, पण क्रम तोच ठेवावा: आधी चाचणी आणि मग काम.

खोके उघडताना

कुरिअरचे पार्सल उघडण्यापूर्वी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करावे आणि सर्व भाग बाहेर काढून मांडेपर्यंत ते मध्ये तोडू नये. पत्त्याची चिठ्ठी, खोक्याचा चेपलेला कोपरा, आतले कोरडे किंवा ओले पुठ्ठे हे सगळे त्यात दिसले पाहिजे. खोक्यावरील लेबलाचा वेगळा फोटो घ्यावा. परदेशी बनावटीच्या वस्तूवर आयातदाराचे नाव आणि पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असणे आपल्या वजनमाप कायद्याखालील नियमांनुसार आवश्यक आहे. तक्रार नेमकी कोणाकडे करायची ते पुढे याच लेबलावरून ठरते.

यानंतर भाग मोजावेत. प्लास्टिकच्या टँकमध्ये साधारणपणे बाहेरचे भांडे, मधली काळी नळी, वरचे नरसाळ्यासारखे झाकण, त्यावर घट्ट बसणारे पाण्याचे झाकण, एक किंवा दोन रील आणि ते फिरवण्याची काडी एवढे भाग असतात. यांपैकी मधली नळी कमी असेल तर टँक पूर्णपणे निरुपयोगी आहे, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही, कारण ती नुसती रील अडकवण्याची दांडी वाटते. प्रत्यक्षात प्रकाश अडवण्याची जबाबदारी नरसाळे आणि ही नळी मिळून पार पाडतात. नळी नसेल तर नरसाळ्याच्या तोंडातून प्रकाश सरळ फिल्मवर पडतो. रील नळीवर जागच्या जागी राहावे म्हणून काही टँकमध्ये एक छोटी क्लिप येते, तीही आहे ना ते पाहावे.

एक पथ्य येथेच सांगतो आणि ते शेवटपर्यंत पाळावे. दोष दिसला तरी तो स्वतः दुरुस्त करू नये. रीलवरील कंगोरा पॉलिश पेपरने घासला, झाकणाला टेप लावला किंवा चीर चिकटवली, की वस्तू वापरली आणि बिघडवली असे म्हणायला विक्रेत्याला जागा मिळते.

टँक: गळती आणि द्रवाची पातळी

पहिली चाचणी पाण्याची असून ती भर उजेडात करायची आहे. टँकच्या तळाशी किंवा माहितीपत्रकात प्रत्येक प्रकारच्या फिल्मला किती द्रव लागतो ते लिहिलेले असते. पॅटरसन कंपनीच्या सर्वपरिचित टँकमध्ये 35 मिलिमीटरच्या एका रोलला 290 मिलिलिटर आणि 120 आकाराच्या, म्हणजे अधिक रुंद, रोलला 500 मिलिलिटर असा आकडा आहे. रिकामे रील नळीवर बसवून सांगितलेले पाणी मोजून ओतावे आणि वरून पाहावे: पाणी रीलच्या वरच्या कडेच्या थोडे वर आले पाहिजे. रीलची कड उघडी राहत असेल तर एक तर रील तळापर्यंत सरकलेले नाही, किंवा मोजपात्र चुकीचे आहे, किंवा टँकवरचा आकडा त्या रीलला लागू नाही. ही गोष्ट आजच कळली तर बरे, कारण प्रत्यक्ष रोल धुताना ती कळते तेव्हा फिल्मच्या एका कडेने शेवटपर्यंत फिकट पट्टा उमटलेला असतो.

आता झाकण लावून टँक बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावा आणि वर्तमानपत्रावर धरून आठ-दहा वेळा उलटा-सुलटा करावा. एखाद-दुसरा थेंब पडणे हा दोष समजू नये. प्लास्टिकच्या टँकचे झाकण बसवताना मध्यभागी दाबून, कड किंचित उचलून आतली हवा बाहेर सोडावी लागते, आणि ती सवय होईपर्यंत थोडे पाणी गळतेच. हवा नीट सोडूनही पाण्याची धार लागत असेल, किंवा पाणी झाकणाच्या कडेऐवजी भांड्याच्या सांध्यातून अथवा तळातून झिरपत असेल, तर मात्र तो दोषच आहे. गळती नेमकी कोठून होते ते कळण्यासाठी पाण्यात थोडी शाई घालावी आणि कागदावर पडलेल्या डागांसह टँकचे चित्रीकरण करावे. रंगीत रोलच्या प्रक्रियेत ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेले द्रावण ओतल्यावर आत वायू तयार होऊन झाकण उचलले जाते. तो रसायनाचा स्वभाव आहे, त्याबद्दल टँकला बोल लावू नये.

स्टीलच्या टँकमध्ये झाकण आणि भांडे यांचा मेळ महत्त्वाचा असतो. झाकण फार सैल असेल तर गळते, आणि फार घट्ट असेल तर द्रावण ओतण्याच्या वेळी निघत नाही. एकाच खोक्यातून आलेल्या जोडीचे झाकण पाणी भरलेल्या भांड्यावरून हाताने निघत नसेल, तर वापराने ते सैल होईल या आशेवर राहू नये.

रील: बहुतेक दोष येथे असतात

नव्या साहित्यातील सर्वांत त्रासदायक दोष रीलमध्ये सापडतात आणि ते डोळ्यांना सहज दिसत नाहीत, म्हणून येथे घाई करू नये. प्लास्टिकच्या रीलच्या दोन चकत्या एकमेकींच्या विरुद्ध ठरावीक कोनातच पुढे-मागे फिरतात आणि फिल्म जेथे आत शिरते तेथे दोन्ही बाजूंना पोलादाची एकेक बारीक गोळी असते. चकती पुढे फिरवली की एका बाजूची गोळी फिल्मची कड धरते आणि दुसऱ्या बाजूची सोडते, मागे फिरवली की उलट होते. अशा रीतीने फिल्म पावलापावलाने आत ओढली जाते. रील कानाजवळ धरून हलवावे. दोन्ही गोळ्यांचा खुळखुळ स्पष्ट ऐकू आला पाहिजे. एक गोळी अडकलेली असेल तर फिल्म एकाच बाजूने पुढे जाते, तिरकी होते आणि तिसऱ्या-चौथ्या वेढ्यात खाचेतून उडून बाहेर येते. अंधारात हे घडले की नवशिक्या मनुष्य स्वतःच्या हातांना दोष देत बसतो.

दुसरी चाचणी कापसाची. कान साफ करण्याच्या काडीवरचा कापूस थोडा विसकटून तो खाचेच्या सर्व वेढ्यांतून हळूहळू फिरवावा. साच्यातून निघताना प्लास्टिकचा सूक्ष्म कंगोरा कोठे राहिला असेल तर कापसाचे तंतू तेथेच अडकून उभे राहतात. त्या जागेचा जवळून फोटो घ्यावा; तंतूंमुळे कंगोरा फोटोत दिसू लागतो, एरवी काळ्या प्लास्टिकवर तो टिपताच येत नाही.

मग उजेडात प्रत्यक्ष फिल्म चढवून पाहावी. मुदत संपलेला किंवा चुकून उघडला गेलेला एखादा रोल फोटो स्टुडिओत मागितल्यास मिळण्यासारखा असतो, नाही तर स्वस्तातला एक रोल या कामी खर्च करावा. तो खर्च वाया जात नाही. 36 फोटोंची फिल्म सुमारे 1.6 मीटर लांब असते, आणि चाचणी तेवढ्या पूर्ण लांबीची करणे जरूर आहे, कारण पहिल्या अर्ध्या मीटरपर्यंत जवळपास सगळीच रील व्यवस्थित चालतात. फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे किंचित गोलसर कापावेत, रील कोरडे ठणठणीत असल्याची खात्री करावी आणि मगच चढवावी. कोपरे कापून, कोरड्या रीलवर, उजेडात डोळ्यांनी पाहत असतानाही फिल्म पुन्हापुन्हा एकाच जागी अडकत असेल तर दोष रीलचा आहे, आणि ती जागा खडूने किंवा चिकटचिठ्ठीने दाखवून चित्रीकरण करावे. दर वेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर बहुधा हाताला सराव नाही, असे मी मानतो आणि दोन दिवस सराव करून पुन्हा पाहावे असे सुचवतो.

कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी येथे एक महत्त्वाची सूचना आहे. जून ते सप्टेंबरमध्ये हवेतील दमटपणामुळे फिल्म आणि रील दोन्ही ओलसर राहतात. त्यात चेंजिंग बॅगमध्ये हातांना घाम सुटला की पाच-दहा मिनिटांत आतली हवा इतकी दमट होते की निर्दोष रीलवरही फिल्म चिकटू लागते. अशा वेळी रील पंख्याखाली किंवा हेअर ड्रायरच्या कोमट हवेत वाळवावे, हात पुसून मगच बॅगेत घालावेत, आणि फिल्म अडली तर ती टँकमध्ये सोडून झाकण लावून थोडा वेळ विश्रांती घ्यावी. पावसाळ्यातील एका अनुभवावरून रील परत पाठवू नये.

स्टीलच्या रीलला हलणारे भाग नसतात, पण वाहतुकीत आपटून ते सहज वाकते. दोन्ही बाजू काचेच्या सपाट पृष्ठभागावर आळीपाळीने ठेवाव्यात. रील डुगडुगता कामा नये. नंतर दोन्ही बाजूंच्या सर्पिल तारांमधील अंतर चार ठिकाणी पट्टीने मोजावे. एका ठिकाणी ते कमी-जास्त भरले तर फिल्मचे दोन वेढे तेथे एकमेकांना चिकटतील, आणि चिकटलेल्या भागापर्यंत ना डेव्हलपर पोहोचेल ना फिक्सर. वाकलेले स्टीलचे रील पक्कडीने सरळ करता येते असे अनेकजण सांगतात. नव्या वस्तूच्या बाबतीत ते करू नये.

अंधाराची परीक्षा

टँक आणि चेंजिंग बॅग प्रकाश खरोखरच अडवतात का, हे डोळ्यांनी पूर्णपणे ठरवता येत नाही. फिल्म डोळ्यांपेक्षा फार हळवी असते. तरीही प्राथमिक तपासणी डोळ्यांनी करावी. रात्री खिडकी नसलेल्या न्हाणीघरात जाऊन, दहा मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि मग छोटी विजेरी पेटवून बॅगेत ठेवून दोन्ही झिप लावाव्यात. झिपची टोके, शिवणीचे कोपरे आणि बाह्या जेथे जोडल्या आहेत ती जागा नीट न्याहाळावी. सुईच्या भोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसला तरी बॅग परत करावी. लहान विजेरी टँकमध्ये मावत असेल तर त्याचीही अशीच पाहणी करावी. बॅग डोक्यावर ओढून आतून पाहण्याची पद्धत काहीजण सुचवतात, परंतु त्यात गुदमरण्याचा धोका असल्याने ती टाळावी.

निर्णायक चाचणी फिल्मचीच. आयएसओ 400 चा (हा आकडा फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते सांगतो) नवा रोल, कात्री, एक रुपयाचे नाणे आणि टँकचे सर्व भाग बॅगेत ठेवून झिप बंद कराव्यात. हात बाह्यांत घालून रोलचे बाहेर आलेले, उजेड लागलेले टोक चांगले वीतभर कापून टाकावे आणि नंतरची बोटभर लांबीची पट्टी कापून ती बॅगेच्या तळाशी सपाट ठेवून मध्यभागी नाणे ठेवावे. पट्टीची पोटाकडची, म्हणजे गुंडाळी ज्या बाजूला वळते ती बाजू वर असावी. दिवसाउजेडी, पण सावलीत, हात बाह्यांतच ठेवून पंधरा मिनिटे थांबावे. हात बाहेर काढले तर बाह्यांची तोंडे सैल पडून चाचणी फुकट जाईल. त्यानंतर पट्टी टँकमध्ये घालून नेहमीप्रमाणे धुवावी. बॅग निर्दोष असेल तर पट्टी सर्वत्र सारखीच पारदर्शक, फिल्मच्या मूळ करड्या छटेची निघते. बॅग गळत असेल तर सगळी पट्टी काळवंडते आणि तिच्या मध्यभागी नाण्याचा स्वच्छ गोल उमटतो. याहून बोलका पुरावा विक्रेत्याला देता येणार नाही.

टँकसाठी अशाच दोन पट्ट्या लागतात. एक पट्टी रात्री न्हाणीघरात टँकमध्ये घालून अंधारातच सर्व प्रक्रिया पूर्ण करावी. दुसरी टँकमध्ये घालून टँक उन्हात अर्धा तास ठेवावा, दर पाच-सात मिनिटांनी त्याची बाजू बदलावी, आणि मग त्याच डेव्हलपरमध्ये, तेवढाच वेळ, तेवढ्याच तापमानाला धुवावी. दोन्ही पट्ट्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून दुसरी अधिक गडद दिसली तर टँकमध्ये प्रकाश शिरतो आहे. मात्र तक्रारीआधी नरसाळे पूर्ण फिरून खटका बसेपर्यंत लागले होते का, आणि मधली नळी घातली होती का, याची एकदा खातरजमा करावी.

थर्मामीटर, मोजपात्र आणि पाणी गरम ठेवणारे यंत्र

थर्मामीटर तपासण्यासाठी बर्फ पुरेसा आहे. बर्फाचा चुरा करून त्यात तो जेमतेम भिजेल एवढेच पाणी घालावे, ढवळावे आणि थर्मामीटर पाच मिनिटे त्यात धरावा; वाचन शून्य अंश सेल्सियसच्या जवळ आले पाहिजे. वरच्या टोकाची तुलना तापाच्या थर्मामीटरशी करावी, कारण रंगीत प्रक्रियेला लागणारे 38 अंश हे तापमान त्याच्या पट्ट्यात येते: दोन्ही थर्मामीटर एकाच कोमट पाण्यात ठेवून पाहावेत. उकळत्या पाण्याची चाचणी घेऊ नये. ठिकाण जितके उंच तितके पाणी कमी तापमानाला उकळते. पुण्यात ते सुमारे 98 अंशांना उकळते, त्यामुळे चांगला थर्मामीटर विनाकारण दोषी ठरेल.

अर्धा-एक अंशाची चूक कायम असेल आणि काम फक्त कृष्णधवल असेल तर त्याबद्दल वाद घालू नये. थर्मामीटरला चिठ्ठी लावून तेवढी बेरीज किंवा वजाबाकी करावी. रंगीत सी-41 प्रक्रियेत मात्र डेव्हलपरच्या तापमानाला कोडॅकने दिलेली सूट एका अंशाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढीच आहे, त्यामुळे तेथे एक अंशाची चूक चालणार नाही. काचेच्या थर्मामीटरमधील लाल द्रवाचा धागा कधीकधी वाहतुकीत मध्येच तुटलेला असतो, तेही पाहावे.

मोजपात्रासाठी स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरावा. 500 मिलिलिटर पाण्याचे वजन खोलीच्या तापमानाला 498 ग्रॅमच्या आसपास भरते. पाच-सहा ग्रॅमचा फरक सोडून द्यावा. तीस-चाळीस ग्रॅमचा फरक निघाला तर खुणा चुकीच्या छापलेल्या आहेत.

पाणी एका तापमानाला ठेवणाऱ्या विजेच्या यंत्राबाबत सुरक्षितता आधी पाहावी. परदेशातून मागवलेले यंत्र 110 किंवा 120 व्होल्टचे तर नाही ना, हे लावण्यापूर्वी त्यावरील पट्टीत वाचावे. आपल्याकडील 230 व्होल्टवर ते जळून जाईल आणि तो उत्पादनाचा दोष मानला जाणार नाही. तीन पिनांचे प्लग आणि अर्थिंग असलेले बोर्ड वापरावे, आणि यंत्र चालू असताना पाण्यात हात घालू नये. चालू केल्यावर झिणझिण्या जाणवल्या किंवा घरातील सुरक्षा स्विच पडला, तर मुख्य बटण बंद करावे, पुन्हा प्रयोग न करता वस्तू परत करावी. यंत्राच्या पडद्यावर 38 हा आकडा दिसला तरी बाटलीतील डेव्हलपर तेवढा गरम व्हायला बराच अधिक वेळ लागतो; तापमान बाटलीतच मोजावे आणि त्या फरकाला यंत्राचा दोष म्हणू नये.

याच संदर्भात आपल्या हवामानाचा विचार करणे भाग आहे. डेव्हलपरच्या तक्त्यांतील वेळा बहुधा 20 अंशांसाठी दिलेल्या असतात. उदाहरणार्थ, इल्फर्डचा एचपी 5 प्लस हा रोल आयडी-11 या डेव्हलपरच्या मूळ (आणखी पाणी न मिसळलेल्या) द्रावणात 20 अंशांना साडेसात मिनिटे धुवायचा असतो. महाराष्ट्रात उन्हाळ्यात नळाचे पाणी 30 अंशांच्या आसपास असते. त्याच वेळा तशाच पाळल्या तर निगेटिव्ह गडद आणि दाणेदार निघते, आणि नवा डेव्हलपर बिघडलेला आला असा समज होतो. बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून थंड कराव्यात किंवा उत्पादकाच्या तापमान-तक्त्यानुसार वेळ कमी करावी.

रसायने

रसायनांची पाकिटे फुटलेली, ओलसर किंवा गठ्ठे झालेली आली तर उघडू नयेत, फोटो काढून कळवावे. पांढरी पूड तपकिरी झाली असेल तर ती हवेने खराब झाली आहे. द्रवरूप डेव्हलपरचा रंग मात्र पुरावा ठरत नाही. रोडिनालसारखा डेव्हलपर गडद तपकिरी होऊनही उत्तम काम देतो. खात्री करण्यासाठी रोलचे कापलेले, उजेड लागलेले टोक तयार द्रावणात उजेडातच बुडवावे. काही मिनिटांत ते काळेभोर झाले तर डेव्हलपर जिवंत आहे. दुसरा तुकडा फिक्सरमध्ये घालून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्सिंगसाठी धरावी. हातमोजे घालावेत, डेव्हलपरमधील मेटॉलने काहींच्या त्वचेला पुरळ येते.

एवढे करूनही रोल बिघडला तर

निगेटिव्ह फेकू नये. दोष कोणाचा हे तीच सांगते, आणि वाचनाची सुरुवात फिल्मच्या कडेपासून करावी. कारखान्यातच कडेला फ्रेमचे आकडे आणि फिल्मचे नाव उमटवलेले असते. कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नसतो, ते फक्त डेव्हलपरमुळे प्रकट होतात. आकडे ठळक असून फ्रेम कोऱ्या असतील तर धुण्याची प्रक्रिया ठीक झाली आहे, चूक कॅमेऱ्यात आहे. आकडेही नाहीत आणि फिल्म पूर्ण पारदर्शक आहे, तर डेव्हलपर मृत होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. दोन्हींत टँकचा दोष नाही. आकडे आणि चित्रे दोन्ही फिकट असतील तर वेळ, तापमान किंवा द्रावणाचे प्रमाण चुकले आहे, आणि तेव्हा थर्मामीटर पुन्हा बर्फात घालावा.

काळे, धुरकट डाग असतील तर पट्टी घेऊन त्यांच्यातील अंतर मोजावे. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातून येणारा प्रकाश बहुधा फ्रेमच्या त्याच त्या जागी डाग पाडतो, म्हणजे दर आठ छिद्रांनी, सुमारे 38 मिलिमीटरवर. टँकच्या वरच्या बाजूने शिरलेल्या प्रकाशाचा डाग फिल्मच्या एका लांब कडेकडून आत येतो, रीलच्या प्रत्येक वेढ्याला एकदा पडतो, आणि वेढे बाहेरच्या बाजूला मोठे होत असल्याने डागांमधील अंतर हळूहळू वाढत जाते. असे वाढते अंतर मोजून कागदावर लिहिले तर ते नाकारणे विक्रेत्याला कठीण जाते.

वेडेवाकडे, दुधी किंवा जांभळट डाग दिसले तर तेथे फिल्मचे वेढे चिकटले होते: रील आधी तपासले नसेल तर आता तपासावे. संपूर्ण फिल्म दुधी असेल तर फिक्सिंग अपुरे आहे, आणि ती पुन्हा फिक्सरमध्ये घातली की सुधारते. एका कडेला सलग फिकट पट्टा म्हणजे द्रव कमी पडला किंवा रील नळीवरून वर सरकले. चंद्रकोरीसारख्या खुणा बोटांनी फिल्म दुमडल्याने, छिद्रांपासून निघणाऱ्या रेषा जोरजोरात हलवल्याने आणि गोल पारदर्शक ठिपके हवेच्या बुडबुड्यांनी येतात. या तिन्हींसाठी साहित्य परत करता येणार नाही. लांबलचक सरळ ओरखडे बहुधा पाणी निपटण्याच्या रबरी चिमट्याने येतात. तो मुळात वापरूच नये असे माझे मत आहे.

तक्रार कशी करावी

दोष नक्की झाला की त्याच दिवशी लेखी कळवावे. दूरध्वनीवर बोलणे झाले तरी त्याचा सारांश ईमेलने पाठवावा. मजकूर छोटा असावा आणि त्यात राग नसावा, उदाहरणार्थ:

"आपल्याकडून घेतलेला डेव्हलपिंग टँक मला अमुक तारखेला मिळाला. माहितीपत्रकाप्रमाणे 290 मिलिलिटर पाणी भरून, झाकणातील हवा काढून तपासला असता भांड्याच्या तळाच्या सांध्यातून पाणी गळते. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण, गळतीचे चित्रीकरण आणि बिल सोबत जोडले आहे. टँकमध्ये अद्याप कोणतेही रसायन वापरलेले नाही. कृपया सात दिवसांत टँक बदलून द्यावा अथवा पूर्ण रक्कम परत करावी, आणि परत पाठवण्याचा खर्च आपण सोसावा."

रसायन वापरलेले नाही हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. पट्ट्यांच्या चाचणीसाठी टँक वापरला असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि पाठवण्यापूर्वी तो धुऊन कोरडा करावा. मूळ पट्ट्या स्वतःकडे ठेवून त्यांचे फोटो पाठवावेत.

खरेदी ऑनलाइन झाली असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढणे बंधनकारक आहे. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असेही त्या नियमांत म्हटले आहे. तेथे दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार नोंदवता येते. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ही तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता दुसऱ्या राज्यात असला तरी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून ती दाखल करता येते. वस्तूतील दोष प्रयोगशाळेतून तपासून घेण्याचा अधिकारही आयोगाला आहे. दीड-दोन हजारांच्या टँकसाठी कोणी इतके पुढे जाणार नाही हे खरे असले, तरी या तरतुदींचा पत्रात नुसता उल्लेख केल्यानेही उत्तराचा सूर बदलतो.

परदेशी विक्रेत्याकडून थेट मागवलेल्या वस्तूच्या बाबतीत मात्र हे मार्ग फारसे कामी येत नाहीत आणि परत पाठवण्याचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होतो. तेथे सुटा भाग पाठवण्याची मागणी करावी. रील किंवा झाकण पाठवणे विक्रेत्यालाही परवडते. उत्तर आले नाही तर ज्या कार्डाने पैसे भरले त्या बँकेकडे व्यवहाराबद्दल हरकत नोंदवावी. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेल्या टँकला कसलीच हमी नसते, म्हणून मधली नळी आणि रीलच्या गोळ्या तेथेच, पैसे देण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

बदलून आलेली वस्तू चांगलीच असणार असे धरून चालू नये. एकाच तुकडीतील दोन रीलना एकाच जागी कंगोरा असू शकतो, त्यामुळे पाणी, कापूस, उजेडातली फिल्म आणि अंधारातल्या पट्ट्या या चाचण्या नव्या वस्तूवर पुन्हा कराव्यात आणि पहिल्या वेळच्या पट्ट्या तुलनेसाठी तारीख घालून जपून ठेवाव्यात.